टाकीला चार, वाचनालयाला नऊ

पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणाला निघताना बायकोनं तक्तेवाल्यांना तीनच कामं सांगितली. दूध उतू जाऊ द्यायचं नाही, गच्चीतल्या कुंड्यांना पाणी घालायचं आणि टुकीचं नाव बालवाडीत घालायचं.

"पहिली दोन नाही जमली तरी चालेल," बसच्या खिडकीतून ती म्हणाली, "पण फॉर्म पुढच्या शनिवारपर्यंत गेलाच पाहिजे. गावात पालिकेच्या बालवाड्या दोनच आहेत. त्यातली एक निवडायची. एवढं तरी एकट्यानं करा."

बस सुटली. ती दोन मिनिटं उशिरा सुटली हेसुद्धा तक्तेवाल्यांनी मनात टिपून ठेवलं. तक्तेवाले हे त्यांचं आडनाव नव्हे. ते बस आगारात वेळापत्रकाचे कारकून होते आणि बारा वर्षं उभ्या-आडव्या रेघांत राहिल्यामुळे त्यांना सगळं जग रकान्यांतच दिसायचं. घरच्या फडताळाच्या आतल्या बाजूलासुद्धा एक तक्ता होता. कुठला साबण किती दिवस पुरतो, याचा. अशा माणसाला 'दोनातली एक निवडा' म्हणणं म्हणजे आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

पण या वेळी गोष्ट साबणाची नव्हती. टुकी चार वर्षांची झाली होती आणि घराबाहेर तोंड उघडत नव्हती. आईपाशी तिची अखंड टकळी चालू असे, पण बाबांचं बोट धरून बाहेर पडली की तोंडाला कुलूप. मग ती नुसती टुकूटुकू बघत राही, म्हणून तर शेजारच्या काकूंनी तिचं नाव टुकी ठेवलं होतं. डॉक्टरांचं घसा, कान, जीभ सगळं तपासून झालं होतं. त्यांना काही सापडलं नाही. बायको म्हणायची, "बोलते हो ती. तुम्हालाच दिसत नाही." तक्तेवाल्यांना हे आईचं आंधळं प्रेम वाटायचं. ते स्वतः लहानपणी वर्षभर वर्गाच्या दाराजवळ एक शब्द न बोलता बसून होते. ते वर्ष कसं गेलं, हे त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. टुकीच्या वाट्याला ते येऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं. जिथे ती बोलेल ती शाळा चांगली. पण हे आधी ओळखायचं कसं?

ओळखायचं तक्त्यानं. सोमवारी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, टेप घेतली, टुकीला घेतलं आणि निघाले.

पाण्याच्या टाकीजवळची बालवाडी दोन गल्ल्या अलीकडूनच ऐकू येत होती. आत चाळीस मुलं, पाच मोडक्या तिचाकी आणि मधोमध टाकीच्या बाई. बाई धिप्पाड होत्या, आवाज त्याहून धिप्पाड आणि हसणं आवाजाच्याही वर. "या, या. हिला सोडा इथं मुलांत, तुम्ही काय बघायचं ते बघा," असं म्हणून त्यांनी टुकीला एका तिचाकीवर बसवूनसुद्धा टाकलं.

तक्तेवाल्यांनी बघायचं ते बघितलं. नळाची उंची, खिडकीची रुंदी, चपला ठेवायची जागा (नव्हती), धड खेळणी, मोडकी खेळणी, दाराची कडी मुलांच्या हाती लागते का, आणि दर दहा मिनिटांना किती मुलं रडतात. मागच्या अंगणाची मापं घेऊन ते आत आले तेव्हा तिचाकीजवळच्या कोपऱ्यातला आवाज एकदम थांबला. पाच-सहा मुलं त्यांच्याकडे बघत होती. टुकीही बघत होती.

"काय, बोललीस का कुणाशी?" त्यांनी वाकून विचारलं. "किती जणांशी? एक? दोन? शाळा आवडली का? दहापैकी किती?"

टुकीनं बुटाच्या टोकाकडे बघितलं. तक्तेवाल्यांनी वहीत लिहिलं, 'मुले अनोळखी माणसास बुजतात.'

वाचनालयामागची बालवाडी म्हणजे दुसरं टोक. चपला रांगेत, मुलं रांगेत, रंगीत खडूसुद्धा उंचीप्रमाणे रांगेत. वाचनालयाच्या बाई किडकिडीत, चष्म्याच्या, आणि इतक्या हळू बोलणाऱ्या की मुलं कान देऊन पुढे सरकत. इथे तक्तेवाल्यांना फार बरं वाटलं. तासाभरात हसण्याचा प्रसंग मात्र एकही आला नाही. ते नळाचं माप घ्यायला बाहेर गेले असताना खिडकीतून खसखस ऐकू आल्यासारखं वाटलं, पण ते आत येईपर्यंत सगळं शांत. जे डोळ्यांसमोर घडलं नाही त्याला गुण कसे देणार? त्यांनी शून्य टाकलं. टुकी खडूंच्या डब्याशी बसली होती आणि बुटाच्या टोकाकडे बघत होती.

मंगळवारी टुकीला शेजारच्या काकूंकडे सोडून ते कामावर गेले आणि जेवणाच्या सुट्टीत त्यांनी आगारातच तक्ता टंकला. डावीकडे बावीस बाबी, मग 'टाकी', मग 'वाचनालय'. शिस्त: टाकीला चार, वाचनालयाला नऊ. आनंद: टाकीला नऊ, वाचनालयाला चार. अशी सगळी गुणांची देवाणघेवाण होऊन खाली बेरीज केली तर टाकी एकशे एकतीस आणि वाचनालयही एकशे एकतीस. त्यांनी तीनदा बेरीज केली. तीनदा तेच. ते सुन्न होऊन बसले आणि बारा वर्षांच्या सवयीनं हातानं आपोआप बेरजेखाली दुहेरी रेघ मारली.

आगारात एक रीत होती. तक्त्याखाली दुहेरी रेघ आली की तक्ता पक्का झाला. पक्का तक्ता शिपाई उचलायचा, त्याच्या प्रती काढायचा आणि आगाराच्या फळ्यावर आणि गावातल्या सगळ्या थांब्यांवर डकवायचा. या शिपायाला सगळे खळकाका म्हणत, कारण खळीचा डबा त्यांच्या हातात कायम असे. बुधवारी सकाळी तक्तेवाले कामावर आले तेव्हा फळ्यासमोर ही गर्दी होती. गर्दीतल्या एका आजोबांनी त्यांना पकडलं.

"अहो, ही चारची गाडी टाकीवरनं निघून वाचनालयाला नवाला कशी पोचते? मी काठी टेकत दहा मिनिटांत जातो."

तक्तेवाल्यांनी फळा बघितला आणि ते तडक शिपायाकडे गेले.

"खळकाका, हे काय डकवलंत?"

"तक्ता."

"अहो, पण वाचला का?"

"वाचायचं काम तुमचं," खळकाका शांतपणे म्हणाले. "डकवायचं माझं. खाली दुहेरी रेघ होती. चौदा थांब्यांवर लावून आलो."

"मग काढून टाका."

"काढता येत नाही. एक तर खळ माझ्या हातची आहे, फळा निघेल पण कागद निघणार नाही. आणि तुम्हीच बाजूला पाटी लावलीय, 'लावलेला तक्ता फाडणाऱ्यावर कारवाई होईल.' सुधारित तक्ता द्या, त्याच्यावर डकवतो."

"मग नुसतं 'रद्द' लिहून देतो."

"टाकी रद्द, वाचनालय रद्द? गावात दंगल होईल."

खळकाकांचं म्हणणं खोटं नव्हतं. तेव्हा सुधारित तक्ता देणं आलं, आणि द्यायचाच तर खरा द्यायला हवा. तक्तेवाले चुकीचा आकडा लिहू शकत नव्हते. ती त्यांची जन्मखोड होती. ते टुकीला घेऊन पुन्हा दोन्हीकडे गेले.

टाकीच्या बालवाडीत चाळीस मुलं तोंडावर बोट ठेवून बसली होती. तिचाकी भिंतीला टेकवून उंचीप्रमाणे लावल्या होत्या. टाकीच्या बाई कुजबुजत होत्या, आणि कुजबुजायची सवय नसल्यामुळे त्यांचा घसा बसला होता. "शिस्त बघा," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "चार काय लिहिलंत हो? सतरा वर्षं झाली मला. आमच्या सासूबाईंनी थांब्यावर उभं राहून वाचलं ते. सगळं वाचलं."

वाचनालयामागे त्याहून विचित्र. वाचनालयाच्या बाईंनी डोक्यावर कागदाची टोपी घातली होती आणि त्या निर्विकार चेहऱ्यानं एका पायावर उड्या मारत होत्या. मुलं घाबरून भिंतीला चिकटली होती. "आनंद चालू आहे," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "तुम्ही वाटल्यास लिहून घ्या."

तक्तेवाल्यांनी जे दिसलं ते लिहिलं. शिस्त: टाकीला नऊ, वाचनालयाला चार. म्हणजे आकडे तेच, फक्त घरं बदललेली. बेरीज पुन्हा सारखीच आली. या वेळी त्यांनी दुहेरी रेघ समजून-उमजून मारली, कारण आता इलाज नव्हता, आणि गुरुवारी दुपारी खळकाकांनी तो तक्ता चौदा थांब्यांवर डकवला.

तोपर्यंत पहिल्या तक्त्यावर विसंबून शिस्तवाल्या पालकांनी आपली मुलं टाकीकडून वाचनालयाकडे न्यायची ठरवली होती आणि हौशी पालकांनी उलट. दुसरा तक्ता लागल्यावर दोन्ही गट वाटेतून परत फिरले. शुक्रवारी चौकात एक शिंपी आणि एक सायकलवाला, दोघं आपापल्या मुलाला कडेवर घेऊन, एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे राहिलेले गावानं बघितले.

मग पालिकेतल्या शिक्षणाच्या साहेबांनी लक्ष घातलं. साहेबांनी दोन्ही तक्ते शेजारी ठेवून बघितले, आणि दोष शाळांचा नसून बाईंचा आहे, हे त्यांनी ताडलं. दुसऱ्या सोमवारी हुकूम निघाला. टाकीच्या बाई वाचनालयात आणि वाचनालयाच्या बाई टाकीत. ते 'टाकीत' वाचून दोन घरांतून घाबरे फोनही गेले. पालकांनी आरडाओरडा केला, तेव्हा मंगळवारी साहेबांनी पहिला हुकूम फिरवणारा दुसरा हुकूम काढला. तो एकाच बाईंना पोचला. त्यामुळे बुधवारी दोन्ही बाई टाकीजवळ हजर आणि वाचनालयामागे तीस मुलं आणि एक ग्रंथपाल. ग्रंथपालांनी दिवसभर त्यांना तारखेचे शिक्के मारायला दिले. मुलं हातापायांवर परतीच्या तारखा घेऊन घरी गेली.

तक्तेवाल्यांना आता झोप येईना. सोमवारपासून शुक्रवारपर्यंत रोज दुपारी ते टुकीला घेऊन दोन्हीकडे जात, कारण रोज काहीतरी बदललेलं असे. टुकीला कुठल्यातरी मुलांत सोडायचं, फिरायचं, मोजायचं, परत यायचं, विचारायचं. दहापैकी किती? बुटाचं टोक. वहीत शेवटी अशी गत झाली की कुठला आकडा कुठल्या शाळेचा, कुठल्या बाईंचा आणि कुठल्या दिवसाचा, हे त्यांचं त्यांना लागेना. बारा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. रात्री दूध उतू गेलं. दुसऱ्या दिवशी नुसतं उतू न जाता करपलं, आणि ते पातेलं त्यांनी गच्चीत कुंड्यांच्या मागे लपवलं.

"झालं का नाव घालून?" बायकोनं फोनवर विचारलं.

"होतंय. तुलना चालू आहे."

"अहो, दोनच तर आहेत."

"तेच तर अवघड आहे," तक्तेवाले म्हणाले. त्यांचा आवाज इतका केविलवाणा होता की तिनं कुंड्यांचं विचारलंच नाही.

शनिवार उजाडला. शाळांची अदलाबदल अजून मिटली नव्हती, म्हणून साहेबांनी दोन्हीकडचे फॉर्म पालिकेच्या सभागृहात घ्यायचं ठरवलं होतं. शेजारीशेजारी दोन टेबलं. कुठल्याही टेबलावर पाटी नव्हती, कारण तिसरा हुकूम संध्याकाळी निघणार होता आणि कुठल्या बाई कुठं जाणार ते त्यानंतरच कळणार होतं. दोन्ही बाईंनी तक्तेवाल्यांना दारातूनच ओळखलं.

ते चष्म्याच्या बाईंसमोर जाऊन उभे राहिले. बाईंनी फॉर्म हातात घेतला नाही. "तुम्ही पलीकडे जा," त्या हळूच म्हणाल्या. "त्या बाई फार चांगल्या आहेत. मुलं खूश असतात त्यांच्याकडे. आनंद नऊ."

ते पलीकडे गेले. "छे हो, मी कसली," टाकीच्या बाई म्हणाल्या. "गोंगाट सगळा. चपला ठेवायला जागा नाही. तुम्ही मापं घेतलीत ना स्वतः? पोरीचं नुकसान करू नका. त्यांच्याकडेच घाला."

दहा दिवसांपूर्वी याच दोघी आपली शाळा कशी सरस हे दाखवायला जिवाचा आटापिटा करत होत्या. आता जी ती दुसरीचे गोडवे गात होती. तक्तेवाल्यांनी या टेबलावरून त्या टेबलावर चार फेऱ्या मारल्या. मागे रांग खोळंबली होती. टुकी त्यांच्या बोटाला धरून मुकाट इकडून तिकडे आणि तिकडून इकडे चालत होती. भिंतीवरच्या घड्याळात वेळ संपायला वीस मिनिटं होती, आणि ही गाडी चुकली तर वर्षभर दुसरी नव्हती.

शेवटी तक्तेवाल्यांनी वही टेबलावर ठेवली.

"बाई, माझं चुकलं," ते म्हणाले. "तो तक्ता तुमच्यासाठी नव्हताच. मला एकच गोष्ट बघायची होती. ही घराबाहेर बोलत नाही. मीही लहानपणी बोलत नसे. दाराजवळ बसायचो. वर्षभर बसलो. कुणी विचारलं नाही. ही कुठं बोलेल ते मला कळेना, म्हणून मी नळ मोजत बसलो. बाकीचं सगळं त्याच्यासाठी होतं."

टाकीच्या बाईंनी टुकीकडे बघितलं, मग तक्तेवाल्यांकडे, मग शेजारच्या टेबलाकडे.

"कोण बोलत नाही?"

"ही."

"ही?" बाईंचा जुना आवाज परत आला. "अहो, ही आली की मला बोलायला मिळत नाही. पहिल्या दिवशी तिचाकीवर बसल्या बसल्या तिनं सगळ्या पोरांना तुमच्या आगारातल्या गाड्या सांगितल्या. कुठली कधी सुटते, कुठली रोज उशीर करते."

"माझ्याकडे खडूंच्या डब्याशी बसून रोज गोष्ट सांगते," चष्म्याच्या बाई म्हणाल्या. "कालची करपलेल्या पातेल्याची होती. ते कुंड्यांमागे आहे."

"मलाही सांगितलं पातेल्याचं. आणि आई गेल्यापासून बाबा रोज सकाळी आईच्या चपला दारात नीट लावून ठेवतो, तेही."

तक्तेवाल्यांचे कान तापले. रांगेतला शिंपी उगाच छताकडे बघायला लागला.

"पण मी विचारतो तेव्हा..."

"तेच ना," चष्म्याच्या बाई म्हणाल्या. त्या इतक्या हळू बोलत होत्या की तक्तेवाल्यांना पुढे वाकावं लागलं. "तुम्ही आत आलात की ती थांबते. किती, कुठलं, दहापैकी किती. तुम्ही विचारायचं थांबायची ती वाट बघत असते. तुम्ही थांबत नाही."

तक्तेवाल्यांच्या मनात लगेच तीन प्रश्न तयार झाले होते, आणि त्यांतला एकही विचारण्यासारखा नव्हता.

"आता असं करा," टाकीच्या बाई म्हणाल्या. "फॉर्मवर सही करा आणि बाहेर जाऊन बसा. कुठल्या बाईंकडे जायचं ते तिला आम्ही विचारतो. तुम्ही नाही."

त्यांनी सही केली आणि बाहेर बाकावर जाऊन बसले. दार अर्धवट लोटलेलं होतं. आतून आधी बाईंचा आवाज आला आणि मग एक बारीक, भरभर चाललेला आवाज. शब्द कळत नव्हते. मधेच दोन्ही बाई हसल्या. तक्तेवाल्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं नाही. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी बाहीला पुसलं, आणि कुणी बघितलं का तेही बघितलं नाही.

टुकी बाहेर आली. मागून टाकीच्या बाईंनी सांगितलं, "झालं काम. शाळेचा रकाना तेवढा संध्याकाळी हुकूम आल्यावर भरू. बाई ठरल्यात." कुठल्या, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि दार लोटून घेतलं.

दोघं निघाली. विचारायची इतकी उबळ तक्तेवाल्यांना आयुष्यात कधी आली नव्हती. त्यांनी ओठ गच्च मिटून घेतले. सभागृहाची पायरी गेली, सायकलचं दुकान गेलं, पहिला थांबा गेला. थांब्यावर त्यांचेच दोन तक्ते एकावर एक चिकटलेले होते. तिकडे त्यांनी मान वळवली नाही. टुकीनं दोनदा वर बघितलं. प्रश्न येत नाही असं बघून तिला थोडं चुकल्यासारखं झालं असावं.

"बाबा," ती म्हणाली, "तुला माहितीय, आत एक पंखा आहे त्याला तीनच पाती आहेत आणि एक वाकडं आहे."

"हं," तक्तेवाले म्हणाले.

"आणि त्या शिंपीकाकांचा मुलगा आहे ना, त्याला उलटं चालता येतं. पण भिंत आली की नाही येत."

"हं."

मग तो मुलगा, मग त्याची मावशी, मग मावशीच्या मांजराला झालेली पिल्लं, असं सुरू झालं. घराची गल्ली आली. टुकी पिल्लांच्या रंगांपर्यंतच पोचली होती, म्हणून तक्तेवाले गल्लीत न वळता सरळ चालत राहिले. एवढ्यात बायकोचा फोन आला.

"झाला का फॉर्म?"

"झाला."

"कुठली शाळा? कोण बाई?"

"ती सांगतेय," तक्तेवाले हळूच म्हणाले. "अजून तिथवर आलेली नाही."

आणि त्यांनी फोन खिशात ठेवून टुकीचं बोट पुन्हा धरलं.